‘पहिला’ या शब्दाची झडती : एका प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

१५ ऑक्टोबर २०१८

हडपसर भागातल्या आमच्या ग्रंथालयाने डिसेंबरात विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वाहतूक आणि संदेशवहनाच्या साधनांवर एक छोटे प्रदर्शन भरवायचे ठरवले आहे, आणि तारखात्यात छत्तीस वर्षे काढलेला माणूस म्हणून त्याचे काम माझ्याकडे आले आहे. जागा म्हणजे वाचनकक्षाची एक भिंत आणि दोन टेबले. मदतीला ग्रंथपालबाई आणि नववीत शिकणारी एक मुलगी व एक मुलगा. समितीने विषयांची जी यादी हातात ठेवली, ती सामान्यज्ञानाच्या कुठल्याशा पुस्तिकेतून उतरवलेली असावी, कारण तिच्यातल्या चौदा ओळींपैकी अकरा ओळींत ‘पहिला’, ‘पहिली’ किंवा ‘पहिले’ हा शब्द येतो.

यादीतली सातवी ओळ अशी आहे : ‘भारतातील पहिली विमानटपाल : जे. आर. डी. टाटा, १९३२’. योगायोगाने तारीख आजचीच आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून एकट्याने पस मॉथ विमान उडवले, अहमदाबादला इंधन घेतले आणि दुपारी जुहूच्या मैदानावर टपाल उतरवले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. अहमदाबादला विमानाचे पेट्रोल बैलगाडीतून आले होते, हा तपशील फलकावर घ्यायलाच हवा. मात्र ही भारतातली पहिली विमानटपाल नव्हे. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादच्या प्रदर्शनात आँरी पेके या तेवीस वर्षांच्या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे हंबर विमानातून यमुनेपलीकडे नैनीला पोचवली होती. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास, वेळ तेरा मिनिटे. पत्रांवर खास शिक्का होता आणि व्यवस्था टपालखात्याच्या संमतीने झाली होती. म्हणून या उड्डाणाला जगातली पहिली अधिकृत विमानटपाल म्हणतात. त्यातला ‘अधिकृत’ हा शब्द गाळला तर वाद उभा राहतो आणि ‘विमान’ हा शब्द गाळला तर वाक्यच खोटे ठरते, कारण १८७० साली वेढ्यात सापडलेल्या पॅरिसमधून बलूनमधून टपाल बाहेर पडलेच होते. टाटांच्या वाट्याला येते ते नियमित चालणाऱ्या भारतीय टपाल विमानसेवेचा आरंभ करण्याचे श्रेय, आणि मला विचाराल तर एका दिवसाच्या उड्डाणापेक्षा ते मोठे आहे.

त्यामुळे पहिल्याच दिवशी एक नियम घालून घेतला. ज्या फलकावर ‘पहिला’ हा शब्द येईल, त्यावर तो नेमका कशात पहिला हे त्याच ओळीत लिहायचे, आणि घटना कुणी पाहिली हेही सांगायचे. मुलांनी नियम वहीत उतरवून घेतला. समितीला तो अजून कळवलेला नाही.

२० ऑक्टोबर

ट्राम आणि विजेची रेल्वे असे दोन फलक आज लिहून झाले. यादीत मुंबईची १९०७ सालची ट्राम ‘भारतातील पहिली विजेची ट्राम’ म्हणून आली होती. मद्रासला विजेची ट्राम १८९५ सालीच धावू लागली होती आणि कलकत्त्याला १९०२ साली. मुंबईत १८७४ पासून घोडे ट्राम ओढत होते आणि ७ मे १९०७ पासून ते काम विजेकडे गेले. फलकावर ‘मुंबईची पहिली विजेची ट्राम’ एवढेच राहील.

रेल्वेच्या बाबतीत मात्र यादी बरोबर निघाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर धावलेली गाडी ही भारतातली पहिली विजेवर चालणारी रेल्वेगाडी होय. गाडी चार डब्यांची, विद्युतदाब १५०० व्होल्ट डीसी, आणि उद्घाटनाला मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन. पुण्याच्या वाचकाला कुर्ल्यापेक्षा घाटाची गोष्ट जवळची वाटेल, म्हणून त्याच फलकावर बोरघाट घेतला. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ वाफेच्या इंजिनांचा जीव काढत असे, आणि वर खंडाळ्याजवळच्या उलट्या स्थानकात गाडीचे तोंड फिरवावे लागत असे. विद्युतीकरणाच्या काळात नवे बोगदे खोदून मार्ग बदलला आणि १९२९ साली ते उलटे स्थानक मोडीत निघाले. मालगाड्या ओढायला जी इंजिने आली, त्यांना रेल्वेची माणसे ‘खेकडा’ म्हणत. लहानपणी पुणे स्थानकाच्या टोकाला उभ्या असलेल्या एका खेकड्याचे कण्हणे मी ऐकलेले आहे; इंजिन उभे असतानाही ते आतून कण्हत असे. फलकावर यासाठी जागा नाही, पण मुलांना सांगितले.

१ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन या फलकाच्या शेवटच्या ओळीत येते. तिच्याविषयी पुणेकराला आपण काही सांगावे, असे धाडस मी करणार नाही.

२७ ऑक्टोबर

राइट बंधूंच्या फलकाला आख्खा दिवस गेला, आणि त्याचे कारण विमान नसून तार आहे.

घटना सर्वांना ठाऊक आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या किटी हॉकजवळच्या वाळूत चार उड्डाणे झाली. पहिले बारा सेकंदांचे आणि १२० फुटांचे, चौथे एकोणसाठ सेकंदांचे आणि ८५२ फुटांचे. त्या दुपारी ऑर्व्हिलने डेटन येथे वडिलांना पाठवलेली तार किटी हॉकच्या हवामान केंद्रातून नॉरफोकमार्गे पुढे गेली. वडिलांच्या हाती पडलेल्या कागदावर सर्वांत लांब उड्डाण ‘५७ सेकंद’ असे उतरले होते आणि पाठवणाऱ्याचे नावही चुकून ‘ओरेव्हेल’ झाले होते. आमच्या खात्यात आकडे असलेली तार पाठवली की शेवटी ते आकडे पुन्हा वाजवून पडताळून घ्यायचे, ही शिस्त पहिल्या आठवड्यातच अंगी बाणवली जाई. साउंडरच्या, म्हणजे खुणा वाजवणाऱ्या तारयंत्राच्या, कडकट्टीत सात आणि नऊ यांत एका टिंबाचाच फरक असतो, म्हणजे सातला दोन लांब काड्या आणि तीन टिंबे, तर नऊला चार लांब काड्या आणि एकच टिंब, असे लिहिता लिहिता माझ्याच लक्षात आले की फरक एका टिंबाचा मुळीच नाही, दोन खुणांचा आहे. छत्तीस वर्षांनंतर हात विसरत नाही, पण तोंड फसवते. वाक्य खोडले.

चूक कुठल्या टप्प्यावर झाली, यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की विमानाने पहिली झेप घेतली त्या दिवशी तिची बातमी विमानापेक्षा पन्नासहून अधिक वर्षांनी जुन्या तंत्राने, हाताने वाजवलेल्या खुणांतून गेली आणि वाटेत बिघडली. नॉरफोकच्या वर्तमानपत्राने तर दुसऱ्या दिवशी यंत्र तीन मैल उडाल्याचे छापून टाकले. मग खरे काय ते आपल्याला कशावरून कळते? पाच साक्षीदार होते, आणि त्यांतल्या जॉन डॅनियल्स या जीवरक्षक केंद्रातल्या माणसाने, ज्याने त्याआधी कॅमेरा कधी हाती धरला नव्हता, तो प्रसिद्ध फोटो टिपला. फलकावर फोटोच्या शेजारी तारेचा मजकूर लावायचे ठरले. फलकाचे शीर्षक मुलीने सुचवले : ‘माणूस बसलेले, स्वतःच्या इंजिनावर चाललेले, ताब्यात राहिलेले, हवेपेक्षा जड असे पहिले यंत्र’. लांबलचक आहे, पण त्यातला एकही शब्द काढता येत नाही.

३ नोव्हेंबर

अपेक्षेप्रमाणे अध्यक्षमहाशय आले. त्यांचा आग्रह असा की राइट बंधूंच्या आधी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवले, हा फलक मराठी ग्रंथालयात नसेल तर कुठे असणार? तळपदे हे मुंबईचे खरे गृहस्थ, संस्कृतचे अभ्यासक, आणि त्यांच्या धडपडीबद्दल माझ्या मनात अनादर नाही. परंतु नियम तोच. त्या दिवशी पाहणाऱ्यांपैकी कुणाचे त्याच वेळचे लिखाण आहे का? यंत्राचा आराखडा, फोटो, मोजलेले अंतर? वर्तमानपत्रात बातमी आली होती, असे अध्यक्ष म्हणाले; अंकाची तारीख मागितली, तेव्हा ‘ती मिळवता येईल’ असे उत्तर मिळाले. ज्या ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथाचा आधार या गोष्टीला दिला जातो, त्याची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ साली तपासणी केली आणि दोन निष्कर्ष काढले : तो ग्रंथ विसाव्या शतकातला आहे, आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत.

अध्यक्षांशी बोलणे तासभर चालले. ते शेवटी म्हणाले, “अहो, तुम्ही मराठी माणूस असून असं म्हणता?” मी म्हणालो, “साहेब, तारेवर पाठवणाऱ्याचं नाव नसेल तर आम्ही ती घेत नसू.” फलक नाही, असे ठरले. त्यांनी चहा घेतला, पण अर्धाच.

१० नोव्हेंबर

दिवाळीच्या सुटीत मुले मोकळी होती, म्हणून प्रदर्शनातला एकमेव चालता नमुना करायला घेतला : वीज, बॅटरी काहीही न लागणारा क्रिस्टल रेडिओ. १९२७ साली मुंबई केंद्र सुरू झाले, तेव्हा ऐपत बेताची असलेल्या घरांत असलाच संच असे. दिव्यांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा संच महाग पडे.

तपकीर गल्लीतून सव्वीस गेजची इनॅमलची तांब्याची तार, एक जुना गँग कंडेन्सर (पत्रे उघडून-मिटवून धारकता बदलणारा) आणि दोन हजार ओहमचा हेडफोन आणला. हेडफोन मिळवायला तीन दुकाने फिरावी लागली. तिसऱ्या दुकानदाराने तो माळ्यावरून काढला, धूळ झटकली आणि ‘हे कशाला हवंय?’ असे विचारून निम्म्या किमतीत दिला. अडीच इंची पीव्हीसी पाइपवर मुलाने नव्वद वेढे अगदी शेजारी शेजारी गुंडाळले. तार ओढून धरायला मुलगी आणि वेढे मोजायला मी. टोकांवरचे रोगण ब्लेडने खरवडून तांबे उघडे केले. गच्चीवर पंधरा मीटरचे एरियल ताणले, अर्थिंग बोअरवेलच्या लोखंडी पाइपला बांधले आणि तूर्तास खड्याऐवजी लहर ओळखणारा जर्मेनियमचा डायोड लावला.

काहीच ऐकू आले नाही. गँग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. पूर्ण उघडल्यावर पलीकडच्या खोलीत कुणी बोलत असावे तशी पुसट कुजबुज तेवढी आली.

११ नोव्हेंबर

रात्री गणित मांडल्यावर चूक सापडली, आणि ती माझीच होती. आकाशवाणी पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर आहे. नव्वद वेढ्यांच्या कॉइलला त्या लहरीशी जुळायला नव्वद पिकोफॅरडच्या आसपास धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, पुरे होते. पण एवढ्या लांब एरियलची स्वतःचीच धारकता त्याहून अधिक भरते. म्हणजे गँग पूर्ण उघडला तरी संच पुण्याच्या खालीच अडकून राहणार. सकाळी तीस वेढे उलगडून काढले. साठ वेढ्यांवर गँग साधारण पाव भाग मिटवल्याबरोबर हेडफोनमधून प्रादेशिक बातम्यांचा आवाज असा स्वच्छ आला की मुलीने हेडफोन कानावरून काढून तारा तपासल्या; कुठेतरी प्लग लपवला आहे, असा तिला संशय आला. हडपसरच्या प्रक्षेपण केंद्राचा मनोरा आमच्यापासून दूर नाही, हे खरे. तरीही हेडफोनचा पडदा हलवणारी सगळी शक्ती त्या मनोऱ्यावरून हवेतूनच आलेली असते, हे तिला दोनदा सांगावे लागले.

१७ नोव्हेंबर

डायोड काढून आज त्या जागी खरा खडा बसवला. भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका परिचितांनी गॅलेनाचा, म्हणजे शिसे आणि गंधक यांच्या खनिजाचा, वाटाण्याएवढा चकचकीत तुकडा दिला. तो पितळी वाटीत शिशाच्या डाखात बसवून त्यावर सेफ्टीपिनेला सोल्डर केलेल्या बारीक तारेचे टोक टेकवायचे असते. खड्याच्या पृष्ठभागावर प्रत्येक ठिकाणी काम होत नाही. टोक उचलून, दुसरीकडे टेकवून, दाब कमी-अधिक करून ‘जिवंत’ जागा शोधावी लागते, आणि कुणी टेबलाला धक्का दिला की ती हरवते. मुलाचा हात या कामाला माझ्यापेक्षा स्थिर आहे. त्याला चाळीस मिनिटांनी जागा सापडली. आवाज डायोडपेक्षा बारीक, पण शब्द कळत होते.

या खड्यामुळे यादीत नसलेला एक फलक वाढला. गॅलेनावर टोक टेकवून विद्युतलहरी ओळखण्याच्या युक्तीचे अमेरिकी पेटंट कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या जगदीशचंद्र बोस यांच्या नावावर आहे. अर्ज १९०१ सालचा, मंजुरी मार्च १९०४ मधली. बोस यांना रेडिओचे जनक म्हणायची आपल्याकडे हौस आहे, आणि त्या शब्दाने त्यांचे नेमके काम झाकले जाते. ते काही मिलिमीटर ते दोन-अडीच सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर काम करत होते, संदेश दूर पाठवण्याचा धंदा त्यांना करायचा नव्हता, आणि पेटंट घेण्याचीही त्यांना फारशी इच्छा नव्हती. अर्धवाहकाने लहर ओळखण्याचे ज्ञात असलेले पहिले पेटंट त्यांचे, एवढे वाक्य पुरे आहे. वाटाण्याएवढ्या खड्याशेजारी ते शोभेलही.

१८ नोव्हेंबर, रात्र

मार्कोनीचा फलक मी मुद्दाम मागे ठेवला होता. यादीत ‘अटलांटिकपार पहिला बिनतारी संदेश, १२ डिसेंबर १९०१’ अशी ओळ आहे. कॉर्नवॉलमधल्या पोल्ढू इथे उभारलेले वीस डोलकाठ्यांचे कडे सप्टेंबरच्या वादळात कोसळले, तेव्हा घाईने दोन खांबांवर तारांचा पंखा ताणला गेला. पलीकडे न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर मार्कोनीने पतंगाने सुमारे दीडशे मीटर तार वर नेली आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास टेलिफोनच्या श्रवणयंत्रातून मोर्सचा ‘एस’, म्हणजे तीन टिंबे, ऐकली. साहाय्यक केम्पनेही ती ऐकली. तिसरा साक्षीदार नाही, कागदाच्या पट्टीवर उमटलेली खूण नाही, आणि काय ऐकायचे हे दोघांनाही आधीच ठाऊक होते. मी आयुष्यभर खुणा ऐकल्या आहेत. खरखरीत आपल्याला हवी ती तीन टिंबे ऐकू येणे किती सोपे असते, हे मला कुणी सांगायला नको.

शंकेचे दुसरे कारण मुलांना पुण्यातच दाखवता येते. पोल्ढूची लहर साधारण साडेतीनशे मीटरच्या आसपास होती, असे मानतात. पुणे केंद्राची लहर ३७९ मीटर आहे, म्हणजे दोघी एकाच कुळातल्या. आज दुपारी बारा वाजता साध्या ट्रान्झिस्टरवर मध्यम लहरींची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून मुलीने पाच केंद्रे मोजली. रात्री दहा वाजता तीच पट्टी, तोच संच, तीच खिडकी : तेवीस. गुजराती, कन्नड, तेलुगू, आणि एका ठिकाणी दोन भाषा एकमेकींवर चढलेल्या. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर उन्हाने विद्युतभारित होऊन या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि त्याहून वरचा थर त्या लहरी परतवून दूरवर नेतो. १९०१ साली असा थर असतो, हेच कुणाला माहीत नव्हते. केनेली आणि हेविसाइड यांनी तो १९०२ साली सुचवला आणि ॲपल्टनने १९२४ साली प्रयोगाने दाखवला. मार्कोनीने तीन टिंबे ऐकली, तेव्हा न्यूफाउंडलंडला दुपार होती आणि कॉर्नवॉलला सूर्य अजून मावळायचा होता. साडेतीन हजार किलोमीटरचा जवळपास सगळा मार्ग उन्हात.

मार्कोनीलाही लोकांची शंका बोचली असावी, कारण फेब्रुवारी १९०२ मध्ये फिलाडेल्फिया बोटीवर त्याने कप्तानाच्या देखत संदेश पट्टीवर उमटवून घेतले. रात्री अडीच हजार किलोमीटरपर्यंत मजकूर पोचला, दिवसा मात्र सुमारे अकराशे किलोमीटरवरच थांबला. फलकावर १९०१ ची तारीख राहील, पण तिच्यापुढे ‘मार्कोनीच्या सांगण्यानुसार’ असे येईल. पुराव्यानिशी आलेला दाखला बोटीवरचा. एक गोष्ट मला फार आवडली. बातमी फुटताच न्यूफाउंडलंडमधल्या समुद्री तारेच्या मक्तेदार कंपनीने मार्कोनीला खटल्याची धमकी दिली. शास्त्रज्ञ शंका घेत होते, तेव्हा तारवाल्यांनी मात्र त्याच्यावर लगेच विश्वास ठेवला.

२४ नोव्हेंबर

आजचा फलक यादीत नव्हता. पुण्याच्या प्रदर्शनात तो नसता तर मला झोप आली नसती. १९२७ साली भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये थेट बिनतारी तारसेवा सुरू झाली, तिचे प्रक्षेपण केंद्र खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला होते. इंग्लंडच्या बाजूला ग्रिम्सबीजवळून संदेश सुटत आणि स्केगनेसजवळ येत. दोन्ही बाजूंना पाठवण्याची जागा वेगळी आणि घेण्याची वेगळी, कारण स्वतःच्या प्रक्षेपकाच्या गदारोळात साता समुद्रांपलीकडची कुजबुज ऐकू येणे शक्य नव्हते. दौंड म्हटले की आपल्याला गाडी बदलणे आठवते. तिथल्या माळावर लंडनचा आवाज उतरत असे, हे ग्रंथपालबाईंना खरेच वाटेना.

या सेवेला ‘बीम’ म्हणत. आधीची पंचवीस वर्षे मार्कोनीसह सगळे जण असे धरून चालले होते की दूर जायचे तर लहर लांब हवी आणि शक्ती अफाट हवी. बीमने हे उलटे केले. लहर काही दशक मीटरांची, आणि उंच मनोऱ्यांवर टांगलेल्या उभ्या तारांचा पडदा, त्यामागे परावर्तनासाठी तसाच दुसरा पडदा. फ्रँकलिन या अभियंत्याच्या या रचनेमुळे शक्ती चहूकडे उधळली न जाता टॉर्चच्या झोतासारखी एकाच दिशेने जाई. १८७० सालापासून मुंबई ते लंडन हा मजकूर एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर अशी ठाणी घेत समुद्राच्या तळाने जात होता. बीमचे दर कमी, वेग जास्त आणि ठाणी शून्य, त्यामुळे केबल कंपन्यांचे गिऱ्हाईक इतक्या झपाट्याने तुटले की दोनच वर्षांत ब्रिटिश सरकारला केबल आणि बिनतारी यांची मोट एका कंपनीत बांधावी लागली. ज्या कंपन्यांच्या भाऊबंदांनी १९०१ साली मार्कोनीला खटल्याची भीती घातली होती, त्यांच्या संसाराला या तंत्राने धक्का दिला.

मुलगा म्हणाला, “मग हे भारतातलं पहिलं काय?” मी त्याला सांगितले की कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांच्या सेवा या आधी सुरू झाल्या होत्या, आपली त्यानंतरची. या फलकावर ‘पहिला’ हा शब्द कुठेही येत नाही, आणि माझ्या मते तो सगळ्यांत चांगला फलक आहे.

१ डिसेंबर

फोर्डचा फलक अर्ध्या दिवसात झाला. मॉडेल टी ही पहिली मोटार नव्हे. तिचे महत्त्व १९१३ साली हायलंड पार्कच्या कारखान्यात चालत्या साखळीवर सांगाडा जोडायला बारा तासांऐवजी दीड तास लागू लागला, यात आहे.

टायटॅनिकचा फलकही लवकर लिहून झाला, पण लिहिताना हात जड झाला. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री जवळच असलेल्या कॅलिफोर्नियन बोटीच्या तारमास्तराने बर्फाची सूचना पाठवली, तेव्हा प्रवाशांच्या खासगी तारांच्या गठ्ठ्यात बुडालेल्या टायटॅनिकच्या तारमास्तर फिलिप्सने त्याला मध्येच थांबवले. त्या तारमास्तराने मग यंत्र बंद केले आणि तो झोपला, कारण त्याच्या बोटीवर दुसरा तारमास्तर नव्हता. थोड्याच वेळात टक्कर झाली. कामाचा गठ्ठा समोर असताना ‘थांब रे’ म्हणणारा माणूस मी पाहिला आहे, मी स्वतःही तसे म्हटले आहे. हा एसओएसचा पहिला वापर नव्हता. १९०९ सालीही बोटींनी तो पाठवला होता. नवे घडले ते त्यानंतर : बोटींवर चोवीस तास कुणीतरी कान देऊन बसले पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय करार १९१४ साली झाला.

१४ डिसेंबर

उद्या उद्घाटन. क्रिस्टल संच गच्चीवरून वाचनकक्षात आणला आणि तो मुका झाला. एरियल ठीक, खडा ठीक. अर्थिंग मोरीतल्या नळाला बांधले होते. नळ लोखंडी दिसतो, पण हाताने चाचपत गेल्यावर भिंतीत शिरण्याआधी वीतभर अंतरावर प्लास्टिकचा जोड लागला. बोअरवेलच्या पाइपापर्यंत बारा मीटर तार खिडकीतून ओढली, तेव्हा आवाज आला, पण त्यात घरघर मिसळलेली. ट्यूबलाइट काढून लावलेले नवे दिवे एकेक करून बंद केले. टेबलावरचा तिसरा दिवा गुन्हेगार निघाला. तो प्रदर्शन संपेपर्यंत बंदच राहील. ग्रंथपालबाईंनी त्यावर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी लावली.

१६ डिसेंबर

काल आणि आज मिळून बरीच गर्दी झाली. खड्यावरची जागा सरासरी अर्ध्या तासाने हरवते. मुलगा टेबलाशेजारी बसून ती पुन्हा शोधून देतो आणि त्या वेळात रांगेतली मंडळी आपोआप फलक वाचतात. अध्यक्षमहाशयांनी हेडफोन लावून जवळजवळ पूर्ण भावगीत ऐकले.

दुपारी एक वयस्क गृहस्थ रेडिओच्या फलकासमोर बराच वेळ थांबले. त्यावर मी लिहिले होते : ‘मुंबईतून पहिले रेडिओ प्रसारण, २३ जुलै १९२७’. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या दीड किलोवॉटच्या केंद्राचे त्या दिवशी व्हाइसरॉय आयर्विन यांनी उद्घाटन केले, हे खरे. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, “आणि १९२३ साली रेडिओ क्लबनं जे कार्यक्रम लावले, ते कुठून लावले हो?” हौशी मंडळींच्या बॉम्बे रेडिओ क्लबने जून १९२३ मध्ये मुंबईतूनच प्रसारण केले होते, मला ते ठाऊक होते, आणि तरी अकरा फलकांची झडती घेणाऱ्या माझ्या हातून ती ओळ तशीच निसटली.

पांढऱ्या कागदाची पट्टी कापून तिच्यावर ‘नियमित सेवा चालवणाऱ्या कंपनीचे’ असे मुलीने सुवाच्य अक्षरात लिहिले आणि ती ‘पहिले’ या शब्दाच्या आधी चिकटवली. पट्टी थोडी तिरकी बसली आहे. उद्या सकाळी दार उघडण्याआधी ती सरळ करायची, आणि सेफ्टीपिनेची आणखी दोन टोके तयार करून ठेवायची.